बसून खाणारा

माझी होडी ज्या पाण्यावर तरंगते ते पाणी माझ्यासारखंच सेवानिवृत्त आहे.

कोयनेच्या धरणात अडवलेलं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं, पोफळीला टर्बाइनं फिरवतं, खाली कोळकेवाडीला आणखी एकदा राबतं आणि तिथून माहेरी, म्हणजे कोयनेला, परत न जाता वाशिष्ठीत सोडलं जातं. पुढे चिपळूण, गोवळकोट आणि मग दाभोळची खाडी. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉटचा प्रकल्प. तिथली नोकरी संपवून हे पाणी दाभोळला पोचतं तेव्हा त्याच्याकडून कुणाची काही अपेक्षा उरलेली नसते. ते नुसतं भरती-ओहोटीबरोबर मागेपुढे करतं. मीही तेच करतो.

खाडीच्या तोंडाशी, पलीकडच्या काठावर अंजनवेलला, दुसरा वीजप्रकल्प आहे. एन्रॉन म्हणून ज्याच्यावरून उभा महाराष्ट्र भांडला तोच. आता नाव वेगळं, क्षमता १९६७ मेगावॉट. म्हणजे माझ्या उशाशी दोन हजार मेगावॉट, पायथ्याशी दोन हजार मेगावॉट, आणि मधे नांगर टाकून पडलेल्या ३२ फुटी लाकडी होडीत बसून मी चार महिने वीस वॉटांचा हिशेब करत होतो.

हिशेब हा माझा धंदाच. ३४ वर्षं मी सरकारी लेखापरीक्षणात काढली. लोकांना वाटतं, ऑडिटर चोर शोधतो. चोर शोधणं सोपं असतं हो, चोर घाईत असतो. अवघड असतो तो कागदोपत्री चोख, निरुपद्रवी आणि बसून खाणारा. एका कार्यालयात एक जीप बंद पडून अकरा वर्षं झाली होती आणि तिचा ड्रायव्हर रोज वेळेवर येऊन लॉगबुकात सुवाच्य अक्षरात ‘वाहन उभे’ असं लिहून पगार घेत होता. खोटं एक अक्षर नाही. वाहन खरोखरच उभं होतं. त्या आक्षेपाच्या एका पॅऱ्यावर मला वरिष्ठांची शाबासकी मिळाली होती.

निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या आठवड्यात बायकोनं माझ्यावर तोच पॅरा काढला. सकाळचा चहा, नाश्ता, अकराचा चहा, जेवण, चारचा चहा, आणि मधल्या वेळात काय केलं तर पेपर वाचला. “अहो,” ती म्हणाली, “तुमच्या त्या ड्रायव्हरनं निदान रोज एक ओळ तरी लिहिली.”

या पॅऱ्याला उत्तर म्हणून मी होडी घेतली. म्हणजे घेतली मेव्हण्यानं, मी निम्मे पैसे दिले. मेव्हणा व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनियर होता. तीस वर्षं समुद्रावर ‘घरी कधी जातो’ म्हणत काढली आणि घरी आल्यावर सहा महिन्यांत ‘पाण्यावर कधी जातो’ सुरू झालं. वेलदूरच्या एका मच्छीमाराकडून त्यानं ही जुनी बोट मिळवली, तिच्यावर लाकडी केबिन चढवली आणि शनिवार-रविवार खाडीत राहायचं असा बेत ठरवला. नोंदणी आणि परवाने हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. माझं ब्लडप्रेशर स्थिरावलं की तो लिहीन.

बायको यायला तयार नव्हती. चिपळूणकडे वाशिष्ठीत मगरी आहेत हे तिचं पहिलं म्हणणं. मगरी वर आहेत, आपण खाली, हे माझं उत्तर. पाणीही वरूनच खाली येतं ना, हे तिचं प्रत्युत्तर. अखेर ती तीन अटींवर तयार झाली: पंखा, गार पाणी आणि मिक्सर. “वाटण पाट्यावर वाटायला मी काय तुमची पणजी आहे?”

“भावोजी, इन्व्हर्टर लागेल,” मेव्हणा म्हणाला.

महाराष्ट्रातल्या माणसाला इन्व्हर्टर शिकवायची गरज नाही. २००५ च्या पुढेमागे भारनियमनानं तो आपल्याला घरबसल्या शिकवला. परदेशात होडीवाले इन्व्हर्टर वेगळा घेतात, चार्जर वेगळा घेतात, मग कुणीतरी त्यांना सांगतं की दोन्ही एकाच डब्यात मिळतात, आणि त्यांना त्याचं अप्रूप वाटतं. आपल्याकडे इन्व्हर्टर म्हणजे मुळातच दोन्ही. लाइट असली की बॅटरी भरायची, गेली की तीच बॅटरी उपसायची, आणि हा बदल इतक्या चटकन करायचा की पंख्याचं पातं थांबू नये. जिन्याखाली तो डबा, शेजारी पाणी घालायची उंच बॅटरी, तिच्यावर प्लॅस्टिकचं झाकण आणि झाकणावर जुनी वर्तमानपत्रं. हे दृश्य न पाहिलेलं मराठी घर विरळा. आमच्याही पुण्याच्या फ्लॅटच्या माळ्यावर तो डबा पडून होता. मी तो काढला, पुसला आणि कोकणात नेला. मेव्हण्यानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

“भावोजी, हा देवघरात शोभेल.”

पण फुकटचा होता आणि मी निम्म्याचा भागीदार होतो. शुक्रवारी संध्याकाळी सातला जोडणी झाली. दीडशे अँपिअर-अवरची पाच वर्षांची बॅटरी. ती उचलताना आम्हां दोघांचेही मणके आपापल्या नावानं ओळखू यायला लागले. जागा कमी म्हणून इंजिनाच्या स्टार्टरलाही तीच बॅटरी जोडली. हे वाक्य जाणत्या वाचकाच्या कपाळावर आठी आणील. आणू द्या, आमच्याही आणली, पण दोन दिवसांनी.

पंखा लावला तर तो वारा द्यायच्या आधी कण्हायला लागला. कारण मेव्हण्यानं सांगितलं. आपल्या घरात येणारी वीज लाटेसारखी चढते, उतरते, सेकंदाला पन्नास वेळा, अगदी गुळगुळीत. जुना इन्व्हर्टर ती लाट बनवू शकत नाही. तो सरळ वर चढतो, सपाटीवर थांबतो आणि सरळ खाली उडी मारतो. मोटरीला हे मानवत नाही, ती गुरगुरते आणि तापते. म्हणजे होडीच्या बाहेर खऱ्या लाटा आणि होडीच्या आत जिना, आणि पंखा त्या जिन्यावरून रात्रभर चढ-उतर करणार. शेवटी वाराच इतका छान सुटला की पंख्याला आम्हीच रजा दिली.

शनिवारी कोजागरी होती. दाभोळच्या शाही मशिदीचा घुमट चांदण्यात दुधासारखा दिसत होता. बायकोनं बांगड्याच्या कालवणाचं वाटण मिक्सरवर केलं, तीन मिनिटं. मिक्सर जरा कोकलला, पण वाटण झालं. दूध गॅसवर आटलं. दिवे पण नको म्हटलं, चंद्र आहे ना. अशी काटकसरीची कोजागरी मी जन्मात केली नव्हती.

रविवारी सकाळी सातला मेव्हण्यानं इंजिनाचं बटण दाबलं. ‘खट्’. पुन्हा दाबलं. या वेळी ‘खट्’सुद्धा नाही.

दोन तासांनी एका तांडेलानं दया येऊन आम्हाला दोरानं ओढत दाभोळच्या धक्क्यावर आणलं. धक्क्यावर रविवारची गर्दी. तीस वर्षं चाळीस-चाळीस हजार टनांची जहाजं हाकलेला माझा मेव्हणा दोराच्या मागून येताना गर्दीकडे पाठ करून उभा होता. तांडेलानं पैसे घेतले नाहीत. फक्त विचारलं, “काका, रात्री काय पिच्चर लावलावता काय?”

आता आरोपी शोधणं आलं. मी जागच्या जागी निकाल दिला: मिक्सर. ५०० वॉटचं यंत्र, बॅटरीवर एवढा भार, दुसरं कोण असणार? बायको काही बोलली नाही. नुसतं हातातलं मिक्सरचं भांडं खाली ठेवलं. ३५ वर्षांच्या संसारात हा आवाज मी ओळखतो.

मेव्हण्यानं एक चिमटा-मीटर काढला. तारेभोवती चिमटा धरला की आतून किती करंट वाहतोय ते कळतं, तार कापावी लागत नाही. आमच्या खात्यात असं काही असतं तर माझी निम्मी दफ्तर-तपासणी वाचली असती. बॅटरी भरून आणली, इन्व्हर्टर चालू केला, पंखे, दिवे, मिक्सर सगळं बंद, आणि चिमटा लावला.

मीटरनं दाखवलं: २.५ अँपिअर.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“हा इन्व्हर्टर. स्वतः.”

“पण काही चालूच नाहीये.”

“तो चालू आहे ना. २३० व्होल्ट तयार ठेवून वाट बघत बसलाय, कुणी मागतंय का म्हणून.”

वाहन उभे!

मी तिथेच धक्क्यावर, जाळ्यांच्या ढिगावर बसून हिशेब मांडला. शुक्रवारी संध्याकाळी सात ते रविवारी सकाळी सात म्हणजे ३६ तास. ३६ गुणिले अडीच म्हणजे ९० अँपिअर-अवर. बॅटरीवर लिहिलेत १५०, पण शिशाच्या बॅटरीचा निम्म्याखाली उपसा केला की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं, म्हणजे हक्काचे ७५. त्यातून बॅटरी म्हातारी. आणि मिक्सर? ५०० वॉट, तीन मिनिटं: २५ वॉट-अवर. बॅटरीच्या बारा व्होल्टांनी भागा. दोन. वाटेतली गळती धरली तर अडीच.

बायकोनं माझ्या खांद्यावरून वही वाचली. “म्हणजे ज्यानं काम केलं त्यानं दोन खाल्ले,” ती म्हणाली, “आणि जो नुसता बसून होता त्यानं नव्वद.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही बोलली नाही. बोलायला हवं होतं असं नाही.

तेव्हापासून मी पेटलो. कार्यक्षम इन्व्हर्टर-चार्जर शोधायचा, आणि तो कार्यक्षम आहे हे कागदावर सिद्ध करून घ्यायचं.

मुंबईला लोहार चाळीत गेलो. तिथे वायरीपासून झुंबरापर्यंत विजेचं सगळं मिळतं, फक्त उभं राहायला जागा मिळत नाही. दुकानदार तरुण, उत्साही. बोट म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांत माझ्याविषयी एक भलतीच श्रीमंत प्रतिमा तयार झाली.

“सर, तीन केव्हीए घ्या. उद्या एसी लावावासा वाटला तर?”

“उद्या माझ्या डोक्यात एसी यायचा नाही. याची कार्यक्षमता किती?”

“चौऱ्याण्णव टक्के.”

“कशावर?”

तो थबकला. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. “कशावर म्हणजे? चौऱ्याण्णव म्हणजे चौऱ्याण्णव.”

इथे वाचकाला जरा थांबवतो, कारण सगळी मेख इथेच आहे. तीन केव्हीएचा डबा म्हणजे लग्नाचा आचारी. हजार पान उठवायचं असेल तर त्याच्यासारखा कुणी नाही. त्याची माणसं, त्याची पातेली, त्याचं स्वतःचं जेवण हे हजार पानांत कुठे मुरलं ते कळतही नाही. पण त्याच आचाऱ्याला तुम्ही दोन कप चहासाठी बोलावलं, तर तो आधी आपल्या माणसांसाठी पातेलंभर चहा टाकणार आणि मग तुमचे दोन कप. या आकाराचा चांगला म्हणवणारा डबाही नुसतं जागं राहायला वीसेक वॉट खाऊ शकतो. त्याच्यावर हजार वॉटांचं काम टाका, ते वीस कुठल्या कुठे जातात. पण एक वीस वॉटांचा दिवा लावून रात्रभर वाचत बसा: वीस दिव्याला, वीस डब्याला. कार्यक्षमता पन्नास टक्के. कॅटलॉगातले चौऱ्याण्णव खोटे नाहीत. ते डब्याच्या आवडीच्या भारावरचे आहेत. आमच्या भाषेत याला ‘खरे परंतु अपूर्ण विवरण’ म्हणतात आणि त्यावर लाल शाईनं खूण करतात.

वीस वॉट म्हणजे किती? दिवसाचे २४ तास धरले तर ४८० वॉट-अवर, बारा व्होल्टांवर ४० अँपिअर-अवर. माझ्या हक्काच्या ७५ पैकी निम्म्याहून जास्त, आणि त्यात एक कप पाणीसुद्धा गार झालेलं नाही.

शेवटी मी एका डच कंपनीचं माहितीपत्रक मिळवलं आणि त्याचं शेवटचं, बारीक अक्षरांचं पान घेऊन बसलो. सरकारी करारात जसं सगळं महत्त्वाचं शेवटच्या पानावर असतं तसंच इथेही होतं. पहिल्या पानावर निळा समुद्र आणि ३००० व्हीए. शेवटच्या पानावर मात्र त्याच ३००० व्हीएचे २५ अंश तापमानाला २४०० वॉट आणि ४० अंशाला २२००. व्हीए आणि वॉट यांत तेवढंच अंतर असतं जेवढं मूळ वेतन आणि हातात पडणाऱ्या पगारात, आणि उष्मा हा त्यातला आणखी एक कपातीचा कॉलम. आता २५ अंश तापमान दाभोळला असतं, नाही असं नाही. पौषात, पहाटे, होडीच्या बाहेर. डबा बसणार आत, इंजिनाच्या भिंतीला लागून, आणि आम्ही जाणार वैशाखात.

डच म्हटल्यावर मेव्हणा खूश झाला. बोटींच्या बाबतीत त्याचा त्यांच्यावर विश्वास. देशाचा बराचसा भाग समुद्रसपाटीखाली असलेली माणसं पाण्याची चेष्टा करणार नाहीत, असं तो म्हणतो. मी त्याला आठवण दिली की सतराव्या शतकात याच डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली होती. तेव्हा माल इथून तिकडे जायचा आणि हिशेब ते ठेवायचे. या वेळी माल तिकडून येणार होता आणि हिशेब मी ठेवणार होतो.

एवढं सगळं निम्म्या भागाचं झालं. डब्याचा दुसरा निम्मा भाग म्हणजे चार्जर, आणि त्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. घरी तो काय करतो ते जिन्याखाली, कुणाच्या नजरेला न पडता करतो. धक्क्यावर तो सगळ्यांच्या नजरेला पडला. आम्हाला वीज मिळायची ती धक्क्यावरच्या चहावाल्याच्या मीटरवरून, महिन्याच्या ठरावीक रकमेवर. संध्याकाळी व्होल्टेज आधीच मान टाकलेलं. त्यात आमचा डबा सुरू झाला की चहावाल्याचा दिवा पिवळा पडायचा आणि फ्रिज आचके द्यायचा. “काका, तुमची बोट प्यायला बसली की माझा फ्रिज उपाशी.” चांगल्या डब्यात याला इलाज असतो. धक्क्यावरून किती अँपिअरच्या वर घ्यायचे नाहीत ते आकड्यानं ठरवून देता येतं. आधी जेवढं मिळतं त्यात होडीचे दिवे-पंखे, उरलं तर बॅटरीला. हा गुण माणसांतही दुर्मीळ आहे.

शिवाय बॅटरीला भरवणं ही कला आहे, आणि ती आपल्याला पंगतीवरून कळावी. पाहुणा भुकेला बसला की पहिला वाढा भराभर संपतो, वाढपी धावत असतो. मग वेग मंदावतो, आग्रह सुरू होतो, एक जिलबी, अर्धी जिलबी. शेवटी नुसतं ताक आणि विडा. शिशाची बॅटरी तशीच खाते. आधी झपाझप, मग १४.४ व्होल्टांच्या आसपास आग्रह, जो चांगला काही तास चालतो, कारण शेवटचा पाचवा हिस्सा ती चघळत-चघळतच खाते. मग साडेतेराच्या आसपास नुसतं विड्याचं तबक पुढे ठेवायचं. माझा पुण्याचा डबा हे मानत नव्हता. पाहुण्याचं पोट भरलं तरी तो जिलब्या टाकतच राहायचा. मग बॅटरीतलं पाणी फुटून वायू होऊन उडायचं, आणि उडताना त्यातून निघणारा हायड्रोजन बंद केबिनमध्ये साठू देऊ नये, हे मला मेव्हण्यानं उदबत्तीच्या पुड्यावर हात ठेवून सांगितलं. तेव्हापासून होडीवरची पूजा फुलांवर भागवतो. शिवाय होडी डुलली की उघड्या बॅटरीतलं आम्ल सांडतं. एक चटई, एक धोतर आणि कोकमाचा एक डबा त्यात शहीद झाले.

आता जस्ताची गोष्ट. होडीखाली, होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याजवळ, जस्ताचा एक गठ्ठा बसवलेला असतो. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यांची आपोआप बॅटरी होते आणि दोघांपैकी एक झिजतो. आपला पितळी पंखा झिजू नये म्हणून हा जस्ताचा बळी पुढे केलेला असतो. एक गठ्ठा एरवी हंगामभर सहज पुरतो. आमचा धक्क्यावरची वीज जोडल्यापासून तीन महिन्यांत सुपारीएवढा उरला. मेव्हणा पाण्यात डोकावून गंभीर झाला.

“भावोजी, शेजारच्या लोखंडी बार्जशी आपलं अर्थिंगचं नातं जुळलंय.”

म्हणजे असं की दोन्ही होड्यांची अर्थिंगची तार धक्क्यावर एकत्र येते. एक तार वरून, एक समुद्र खालून, झाली बॅटरी पूर्ण. आणि त्यात आमचं जस्त त्या बार्जचं लोखंड वाचवत होतं. मी ऐकलं आणि माझ्यातला जुना माणूस जागा झाला. माझ्या खात्यावर दुसऱ्याची दुरुस्ती! तीन महिने, मंजुरीशिवाय, कसलीही पावती न घेता! उपाय दोन: अर्थिंगच्या तारेत हा बारीक करंट अडवणारा एक छोटा डबा बसवायचा, नाहीतर मोठा ट्रान्सफॉर्मर लावून धक्क्याशी धातूचा संबंधच तोडायचा. आम्ही छोटा डबा घेतला. बार्जवाल्याला बिल पाठवायचा विचार मेव्हण्यानं मला करू दिला नाही.

एक गोष्ट मात्र गमतीची नाही म्हणून गंभीरपणे लिहितो. होडीवर इन्व्हर्टर चालू असताना त्याचा न्यूट्रल होडीच्या अर्थिंगला जोडलेला असावा लागतो, आणि धक्क्याची वीज आली की तो जोड आपणहून सुटावा लागतो. नाहीतर गळती झाली तरी ती ओळखून वीज तोडणारा स्विच आंधळाच राहतो, आणि चहूकडे खारं पाणी. घरच्या डब्यात ही सोय बहुधा नसते. खारी हवा आतल्या पट्टीवर बसू नये म्हणून लाखेसारखा लेपही तिथे नसतो. हे कळलं त्याच दिवशी मी पुण्याचा डबा उतरवला. आत उघडून पाहिलं तर पंख्यानं ओढून घेतलेल्या खाडीनं तिथे हिरवा संसार मांडला होता.

डबा कोणता घ्यायचा याचा निकाल लागला तो मेव्हण्यामुळे नाही की माझ्यामुळे नाही. मेव्हण्याला तर वीस वॉट ही राशीच कळत नव्हती. जहाजावर त्याच्या हाताखाली शेकडो किलोवॉटची तीन-तीन जनरेटरं असायची. “भावोजी, आमच्याकडे वीस वॉट म्हणजे कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज.” निकाल लावला बायकोनं. ती मोबाइल चार्ज करत होती.

“अहो, याला किती व्होल्ट लागतात?”

“पाच.”

“आणि बॅटरीत किती आहेत?”

“बारा.”

“मग बाराचे पाच करायला मधे २३० कशाला?”

मी आणि मेव्हणा एकमेकांकडे पाहत राहिलो. दादरहून परळला जायला आम्ही गेले तीन महिने कर्जतमार्गे तिकीट काढत होतो. मोबाइल, दिवे, पंखे, फ्रिज, यांतलं एकही असं नाही की जे थेट बारा व्होल्टांवर मिळत नाही. बारा व्होल्टांचे पंखे तर सोलरवाल्यांमुळे तालुक्याच्या गावी मिळतात. २३० लागतात ते एकट्या मिक्सरला. म्हणजे ज्याला मी पहिल्या दिवशी आरोपी ठरवलं होतं, त्या एकट्यासाठीच इन्व्हर्टर हवा होता.

मग तीन केव्हीए गेलं, दोन गेलं. त्याच डच घरातला सगळ्यात धाकटा, ८०० व्हीएचा घेतला. चार्जर ३५ अँपिअरचा, आमच्या बॅटरीला पुरून उरतो. स्टार्टरची बॅटरी वेगळी केली, तांडेलाच्या देखत. नवा डबा जागा राहायला दहाएक वॉट घेतो, आणि त्याला डुलकी घेण्याची सोयही आहे. भार नसला की तो झोपतो आणि दर दोन-चार सेकंदांनी एक डोळा उघडून पाहतो, कुणी हाक मारतंय का. मला हे फार पटलं होतं. गंमत अशी की हाक दमदार असावी लागते. रात्रीचा एखादा इवलासा दिवा त्याला लावून पाहिला, तर त्याच्या हाकेनं डबा जागा होईना. दिवा लुकलुकला, विझला, लुकलुकला, विझला.

बायको बराच वेळ ते पाहत होती. “हे बरं आहे,” ती म्हणाली. “हाक मारली की ‘हं’ करतो आणि परत झोपतो. असा एक आहे माझ्याकडे.”

तेव्हा डुलकीचीही सोय बंद केली. आता इन्व्हर्टरचं बटण मिक्सरच्या शेजारी, ओट्यावर आहे. वाटण करायच्या वेळी ती ते दाबते, तीन मिनिटं मिक्सर फिरतो, ती ते बंद करते. धक्क्यावर परतलो की तोच डबा चहावाल्याच्या मीटरवरून, नेमून दिलेल्या पाच अँपिअरांत, बॅटरीला जिलब्या वाढत बसतो. फ्रिज शाबूत आहे, त्याचाही आणि आमचाही.

गेल्या शनिवार-रविवारची वही समोर आहे, आकडे अँपिअर-अवरांत. फ्रिज: ४१. पंखे आणि दिवे: २३. मोबाइल: २. मिक्सर: २. इन्व्हर्टर, स्वतःसाठी: अर्ध्याहून कमी. इंजिन पहिल्या बटणाला सुरू झालं.

वाचकांना एकच विनंती. होडीसाठी असो की जिन्याखाली ठेवायला असो, नवा डबा घ्यायला गेलात की माहितीपत्रक उलटं धरा, शेवटच्या पानावर ‘झीरो लोड’ नावाची ओळ शोधा आणि तिच्यापुढच्या आकड्याला २४ नं गुणा. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या.

मिक्सरवरचा पॅरा मी लेखी मागे घेतला आहे. माझ्यावरचा अजून प्रलंबित आहे.